‘येते’ म्हणणाऱ्या बाईचा राउटर

उज्ज्वलाबाई कसपटे यांनी बहात्तराव्या वर्षी राउटर बदलायचं मनावर घेतलं, तेव्हा ज्याने ऐकलं तो हसला. या वयात बायका चष्म्याचा नंबर बदलतात, फार तर डॉक्टर बदलतात. पण उज्ज्वलाबाईंनी बार्शीच्या पांडे चौकात तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. निम्म्या गावाच्या बोटांवर त्यांनी पट्टी मारलेली, त्यामुळे हसणारे तोंड फिरवूनच हसले.

कारण आलं होतं मुलीच्या फोनवरून.

“आई, तुझा मेळांक परत घसरलाय,” केतकी बेंगळुरूहून म्हणाली. “सलग तिसरा महिना. अजून एकदा घसरला तर कंपनी विमावाल्यांना कळवणार. मग तुला एकटीला राहू देत नाहीत. मी इथे तुझ्यासाठी खोली आवरायला घेतलीय.”

“मला काय धाड भरलीय?”

“तेच तर. यात माणसाला स्वतःला कळत नाही.”

‘यात’ म्हणजे कशात, ते केतकीने सांगितलं नाही. उज्ज्वलाबाईंनी विचारलंही नाही. बहात्तर वर्षांच्या माणसाला त्या आजाराचं नाव विचारावं लागत नाही. त्यांनी फोन ठेवला आणि दारावरच्या भिंतीवर बसवलेल्या पांढऱ्या डबीकडे पाहिलं. डबीवर हिरवा ठिपका शांतपणे तेवत होता.

त्या डबीचं नाव ‘सोबत’. ‘धागा ब्रॉडबँड’ ही कंपनी नेटच्या जोडणीबरोबर ती फुकट देई, आणि फुकट ते पौष्टिक या न्यायाने ती घरोघरी लागली होती. विज्ञान तसं साधं. वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. त्या राउटरमधून निघतात, भिंतींवर, कपाटांवर, माणसांच्या अंगावर आपटतात आणि परततात. खोलीत कुणी हललं की परतणाऱ्या लहरींचा नमुना बदलतो. चालणं सोडाच, श्वासाने छाती वरखाली झाली तरी फरक पडतो आणि तो मोजता येतो. जुन्या राउटरांना हा फरक म्हणजे नसती कटकट. ते तो गाळून टाकत. नव्यांनी तोच जपून ठेवायला सुरुवात केली. कॅमेरा नको, मनगटावर पट्टा नको. माणूस उठला, पडला, श्वास नीट घेतोय की नाही, हे सगळं नेटच्या डबीला कळू लागलं.

पुढे तिला कान दिले. माणूस बोलतो काय आणि करतो काय, याची ती सतत तुलना करी. ‘झोपते’ म्हणून कुणी गॅसपाशी जाऊन उभं राहिलं, ‘पाणी पिते’ म्हणून देवघरात गेलं, असं वारंवार झालं तर डोक्यात काहीतरी निसटतंय हे डॉक्टरच्याही आधी उमगे. शब्द आणि पाऊल यांच्या या जुळणीचा आकडा म्हणजे मेळांक. त्याने पुष्कळ म्हाताऱ्यांचा आजार वेळेत पकडला होता, हेही खोटं नव्हतं. म्हणून तर लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

उज्ज्वलाबाईंचा डोळे मिटून कशावरच विश्वास नव्हता. क्लासात एखादी मुलगी सारखी चुकायला लागली, की त्या तिला उठवून शेजारच्या मशीनवर बसवत. तिथेही चुकली तर बोट वाईट, नाही चुकली तर मशीन वाईट. आता प्रश्न त्यांच्या डोक्याचा होता आणि रीत तीच होती.

समीर बागवानच्या दुकानात त्या गेल्या, तेव्हा त्याने खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसली. हा समीर त्यांच्याकडे चाळीसच्या स्पीडला दोनदा नापास झालेला. आता पंचेचाळिशीचा, चौकातलं सगळ्यात मोठं नेट-मोबाइलचं दुकान त्याचं. पण मॅडम आल्या की त्याची बोटं आपोआप सरळ होत.

“मला दुसरा राउटर दे,” त्या म्हणाल्या. “ज्याला कान नाहीत असा.”

“मॅडम, राउटर नुसता चांगला असून भागत नाही. सोयरिकीसारखं आहे हे. तुमच्या लाइनीशी जमलं पाहिजे.” समीरने काउंटरवर दोन-तीन खोकी मांडली. “तुमची लाइन फायबरची. काचेच्या तारेतून उजेड येतो, त्या उजेडाचं नेट करणारा डबा आधी लागतो. हा केबलवाल्यांचा मॉडेम घेतलात तर तुमची तार त्यात बसणारच नाही. आता उजेडातही प्रकार. जुनी लाइन वेगळी, नवी वेगाची वेगळी. तुमची नवी. म्हणजे हा काळा डबा चालेल.”

“मग दे की.”

“आत्ता देतो. पण घरी नेऊन लावलात तर दिवे सगळे लागतील आणि नेट येणार नाही. ह्या डब्याचा नंबर कंपनीला आपल्याकडं चढवावा लागतो, युजरनेम-पासवर्ड द्यावा लागतो. आणि डब्यात ‘सोबत’ची चिप नसली की ‘धागा’वाले म्हणतात, जुळत नाही.”

“जुळत नाही की जुळवायचं नाही?”

“बरोबर बोललात बघा. नियम निघालाय, ग्राहकानं स्वतःचा राउटर आणला तर कंपनीला नाही म्हणता येत नाही. फक्त मागणी खातेदारानं करायची. खातं कुणाच्या नावावर आहे?”

“केतकीच्या.”

समीरने खोक्याचं झाकण हळूच परत लावलं. केतकी त्याच्याही माहितीची होती. आईची मुलगी होती ती. एकदा नाही म्हणाली की नाही.

“बरं. बघते तिच्याशी बोलून. येते मी,” म्हणत उज्ज्वलाबाई उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

काउंटरवर गिऱ्हाइकांना दाखवायला एक चालू ‘सोबत’ ठेवलेली होती. तिचा हिरवा ठिपका नारिंगी झाला. समीरचं लक्ष नव्हतं. पण वीस जणींच्या बोटांकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघण्यात ज्या बाईची हयात गेली, तिच्या नजरेतून ते कसं सुटावं? त्या परत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

“हा रंग का बदलला?”

“बोलणं आणि करणं जुळलं नाही, की नारिंगी होतो.”

“मी काय बोलले?”

समीरला काही आठवेना. उज्ज्वलाबाई उठल्या. “येते,” म्हणाल्या आणि दाराकडे चालू लागल्या. नारिंगी. “आता तू म्हण.”

“येतो मॅडम,” म्हणत समीर स्वतःच्याच दुकानातून बाहेर पडला. नारिंगी. तो हसत आत आला.

“आता ‘जातो’ म्हणून बाहेर जा.”

“असं कसं म्हणू, मॅडम? चांगल्या दिवशी.”

“म्हण.”

समीर जीभ चावत “जातो” म्हणाला आणि उंबरा ओलांडला. ठिपका हिरवाच राहिला. आता समीरचं हसू मावळलं.

डबी अडाणी नव्हती. ती ज्या भाषांत शिकली, तिथे जाणारा माणूस ‘जातो’ म्हणतो. आपल्याकडे जाणारा ‘येतो’ म्हणतो, कारण ‘जातो’ हा शब्द परत न येणाऱ्याचा. उज्ज्वलाबाई रोज घराबाहेर पडताना कुलूप लावण्याआधी रिकाम्या घराला सांगत, “येते.” नवरा होता तेव्हा त्याला सांगत, तो नऊ वर्षांपूर्वी गेला, पण सांगणं राहिलं. डबीने नोंद केली, की ही बाई एकटी असताना मोठ्याने ‘येते’ म्हणते आणि उलट बाहेर चालू लागते. दिवसातून दोन-तीनदा.

“पण मग सगळ्यांचाच आकडा घसरायला पाहिजे,” समीर म्हणाला. “माझी अम्मीपण येतेच म्हणते. तिचा तर चांगलाय.”

“तुझ्या घरात किती जण?”

“आठ.”

“आठ जणांत ती दिवसभर बोलते. त्यात एक ‘येते’ बुडून जातं.” उज्ज्वलाबाई क्षणभर थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना समीरसमोर बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलंच. “माझ्या घरात दिवसभरात मोठ्याने बोललेलं तेवढं एकच असतं रे.”

समीरने चहा मागवला. मग तो म्हणाला, “मॅडम, केतकीताईशी बोलणं होईस्तोवर एक करा. बाहेर पडताना ‘जाते’ म्हणा. आकडा आपोआप वर चढेल.”

करून बघायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंताच्या देवळात निघताना उज्ज्वलाबाई दारात थांबल्या. सवयीने ‘येते’ ओठांवर आलं होतं. पण एकदा ठरवलं की मागे हटायचा त्यांचा स्वभाव नव्हता. डबीला नीट ऐकू जावं म्हणून त्या चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “जाते!”

आतल्या डबीचा ठिपका हिरवा राहिला. समोरच्या ब्लॉकचं दार मात्र धाडकन उघडलं. मालन शेजारीण हातात पिठाचा गोळा घेऊनच बाहेर आली.

“आवो मॅडम, असं काय बोलता वो सकाळी सकाळी! कुठं जाताय?”

“देवळात.”

“मग येते म्हणा की!”

“म्हणता येत नाही मालन, त्याचं कारण आहे. सांगेन सावकाश.”

मालन तशीच उभी राहिली. दुपारी पुन्हा “जाते” ऐकू आलं. संध्याकाळी भाजीला निघताना पुन्हा. तिसऱ्या वेळी मालनने डोळ्याला पदर लावला आणि थेट बेंगळुरूला फोन केला. डबीच्या लेखी उज्ज्वलाबाई भराभर सुधारत होत्या आणि माणसांच्या लेखी त्यांचं काही खरं नव्हतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

केतकी दोन दिवसांत बार्शीला येऊन थडकली. येताना आईसाठी मोठी बॅग घेऊन आली. रिकामी.

“मालनकाकू रडत होत्या, आई. तू जाते-जाते काय म्हणतेस?”

उज्ज्वलाबाईंनी लगेच काही सांगितलं नाही. सांगून समजण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं पक्कं बसतं, हे त्यांना शिकवण्याच्या धंद्यातून ठाऊक होतं. केतकी थोड्या वेळाने औषधं आणायला बाहेर पडेल, सवयीने ‘येते’ म्हणेल आणि डबीचा इशारा जिच्या फोनवर जाई, त्या तिच्याच फोनवर तिचीच विसंगती वाजेल. त्या स्वयंपाकघरात कान टवकारून बसल्या.

केतकीने चपला घातल्या. “चल आई, बाय,” म्हणाली आणि गेली.

ठिपका हिरवागार. उज्ज्वलाबाई कपाळाला हात लावून हसल्या. आणि हसता हसता त्यांना वाईटही वाटलं. लेकीच्या तोंडून ‘येते’ कधी गळून पडलं, ते त्यांना कळलंच नव्हतं.

मग केतकी परतल्यावर त्यांनी सरळ तिला खुर्चीत बसवलं, तिचा फोन तिच्या हातात दिला आणि दारात उभं राहून सगळा प्रयोग करून दाखवला. येते म्हटलं, फोन वाजला. जाते म्हटलं, फोन गप्प. केतकी स्वतः संगणकाच्या क्षेत्रातली. तिला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही.

“हे तर चक्क चुकलंय त्यांचं!” ती उसळून उभी राहिली. तिने लागलीच कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात चूक मान्य केली. पुढच्या सुधारणेत दुरुस्ती होईल, तोवर आईंना स्पष्ट शब्द वापरायला सांगा, असंही सुचवलं. केतकीने त्यांना फैलावर घेतलं, आकडा खोडायला लावला, विमावाल्यांना काही जाणार नाही असं कबूल करून घेतलं. आईची लेक शोभली ती.

“झालं,” ती घाम पुसत म्हणाली. “तू ठणठणीत आहेस. आता तुला हवं तेवढं येते म्हण.” तिने आईला मिठी मारली. तिला खरंच रडू आलं होतं. “मी किती घाबरले होते, तुला माहीत नाही.”

उज्ज्वलाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “आता तो काळा डबा घ्यायला तुझी सही पाहिजे.”

“आता कशाला? दुरुस्त होतंय ना?”

“चूक दुरुस्त होतेय. पाळत कुठे जातेय?”

“पाळत काय म्हणतेस, आई! उद्या बाथरूममध्ये पडलीस तर मला कळणार कसं?”

“मालनकडे किल्ली आहे. आणि गळ्यात घालायचं बटण मिळतं समीरकडे, ते घेते. मी दाबीन तेव्हा तुझा फोन वाजेल. मी दाबीन तेव्हा. माझा श्वास मी मोजायला दिलेला नाही कुणाला.”

“मला झोप लागणार नाही.”

“झोप लागतेय तुला, केतकी. त्या हिरव्या ठिपक्यामुळे लागतेय. तोच तर घोळ आहे.” उज्ज्वलाबाईंचा आवाज चढला नाही, पण क्लासात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा पोचला. “ही डबी यायच्या आधी तू रोज संध्याकाळी फोन करायचीस. मी तुझ्याशी तासभर बडबडायचे. डबी आली, मग तू आठवड्याने करू लागलीस. मग आकडा घसरला की करायचीस. ठिपका हिरवा आहे ना, म्हणजे आई बरी आहे. इकडे माझं बोलणं बंद झालं, म्हणून घरात एकटं ‘येते’ उरलं, म्हणून आकडा घसरला. उंटावरून शेळ्या हाकत होतीस तू. आणि शेळी मी.”

केतकीचा चेहरा उतरला. “म्हणजे माझ्यामुळे झालं?”

“नाही म्हणाले असते, पण खोटं कशाला बोलू?”

बाहेर मालन कुणाला तरी मोठ्याने सांगत होती, की लेक आलीय, आता काळजी नाही.

“आई, तू चल ना माझ्याकडे,” केतकी अगदी बारीक आवाजात म्हणाली. “आकडा राहू दे. तशीच चल.”

“का?”

केतकीने नजर खाली केली, फोन उचलला आणि राउटर बदलण्याच्या अर्जावर अंगठा टेकवला.

दुसऱ्या दिवशी समीर स्वतः काळा डबा घेऊन आला. ‘धागा’वाल्यांनी चिप नसल्याने आमची जबाबदारी नाही, वेगाची हमी नाही, असं तीन-तीनदा ऐकवलं. नंबर चढवताना उज्ज्वलाबाईंनी फोनवरच्या माणसाला तो अक्षर अक्षर परत वाचायला लावला. दिवे लागले, आणि नेट आलं. समीरने भिंतीवरची पांढरी डबी काढली, तशी तिथे रंगाचा एक वेगळा चौकोन दिसू लागला. काळ्या डब्याला ना कान, ना ठिपका. तो नुसता नेट देत होता, आणि राउटरने एवढंच करावं अशी उज्ज्वलाबाईंची माफक अपेक्षा होती.

केतकी रिकामी बॅग रिकामीच घेऊन गेली. बसमध्ये बसल्यावर तिने सवयीने फोन उघडून पाहिला. ठिपक्याच्या जागी करडं वर्तुळ होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘घरात कोणी नाही’.

त्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. उज्ज्वलाबाईंनी स्वतः लावला नाही. धाकधूक त्यांनाही होती. आपण भलत्या ठिकाणी हट्ट केला की काय, पोरगी दुखावली की काय, असं भाजी चिरताना मनात येऊन जाई. पण माघार घ्यायची नाही हे ठरलेलं होतं. फोन यायचा असेल तर तो तिला करावासा वाटून आला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी तव्यावर असताना तो वाजला. पलीकडे केतकी धापा टाकल्यासारखी बोलत होती.

“आई? आहेस ना?”

“जिवंत आहे,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. “ते झालं. आता पुढचं बोल.”

पुढचं बोलायची सवयच मोडली होती केतकीची. उज्ज्वलाबाईंनी भाकरी उलटली आणि वाट पाहिली. विद्यार्थ्याला अक्षर आठवेपर्यंत थांबणं त्यांना जमत असे.

“आई, माझी नोकरी गेली,” केतकी म्हणाली. “दोन महिने झाले. कुणाला सांगितलं नाही. इथे कुणी नाही गं सांगण्यासारखं. तुला इकडे चल म्हणत होते ना... ते तुझ्यासाठी नव्हतं.”

तव्यावरच्या भाकरीला करपल्याचा वास यायला लागला. उज्ज्वलाबाईंनी गॅस बंद केला, हात धुतले आणि खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली.

“मग तसं म्हणायचं होतंस, वेडे,” त्या म्हणाल्या. “सांग. अगदी पहिल्यापासून सांग. मला वेळच वेळ आहे.”